चुकलेली डिस्क जाणार कुठे? अंगणातल्या डिस्क गोल्फबद्दल वाचकांचे प्रश्न

सुटीत घरच्या सगळ्यांनी मिळून हातानं काहीतरी उभं करावं, अशा उद्योगांच्या यादीत गेल्या अंकात डिस्क गोल्फचा ओझरता उल्लेख झाला आणि पत्रं येऊ लागली. ज्यांनी हे नावच पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात: चेंडू-काठीच्या जागी हातानं फेकायची डिस्क, आणि खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली साखळ्यांची बास्केट. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे 'टी'वरून पहिली फेक, डिस्क पडेल तिथून पुढची, बास्केटमध्ये विसावेपर्यंत. टीपासून बास्केटपर्यंतचा हा एक टप्पा म्हणजे 'होल', आणि अशा होलचं मैदान म्हणजे 'कोर्स'. फेका कमी तो जिंकला. पहिलं कायमस्वरूपी मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्हला आखलं गेलं, ते एड हेडरिक यांनी. साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. त्याआधी लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांच्यावर नेम धरत. हे लक्षात असू द्या, कारण पैसे घालण्याआधी तुम्हालाही तेच करायचं आहे.

प्रश्न: बंगल्यामागे साधारण २५ फूट बाय ४० फूट मोकळी जागा आहे. मुलं ९ आणि १३ वर्षांची. एवढ्यात कोर्स होईल का? (कोथरूड)

कोर्स होणार नाही. पटिंगचं अंगण मात्र फार छान होईल.

१००० चौरस फूट म्हणजे एक गुंठाही नाही. तुमची लांब बाजू जेमतेम १२ मीटर. डिस्क गोल्फमध्ये बास्केटभोवतीचं १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ वेगळं मानतात. त्याच्या आतून फेकताना तोल सांभाळून जागेवर थांबावं लागतं, फेकीबरोबर पुढे पाऊल टाकून चालत नाही. हा भाग म्हणजे पटिंग, आणि निम्मा खेळ इथंच जिंकला-हरला जातो. म्हणजे खेळाचा महत्त्वाचा भाग तुमच्या अंगणात मावतो.

बास्केट एकच ठेवा, घरापासून लांबच्या टोकाला, पण कुंपणाला चिकटून नको. तिच्यामागे निदान ३ मीटर सोडा, कारण नेम चुकलेली डिस्क तिथंच न पडता पुढे ३-४ मीटर जाते. तेवढी जागा नसेल तर मागे क्रिकेटच्या सरावाची नायलॉन जाळी लावा, १० फूट उंच. ती ताणून बांधू नका, सैल सोडा. ताणलेल्या जाळीवरून डिस्क उसळून परत येते. मग ३, ४, ५, ६ आणि ८ मीटरवर विटा पुरून खुणा करा. प्रत्येक खुणेवरून ५ डिस्क, बास्केटमध्ये पडेल त्या प्रत्येकीला खुणेच्या अंतराइतके गुण. नऊ वर्षांच्या मुलाला तीच खूण एक मीटर पुढे द्या. आजोबा-आजींनाही द्या, त्यांनी मागितली तर.

प्रश्न: मुळशी रस्त्याला ११ गुंठ्यांचा प्लॉट आहे, छोटं घर बांधलंय. इंटरनेटवर वाचलं की ९ होलना ९ बास्केट लागतात. आम्हाला तीन परवडतील. आखणी कशी करावी? (भूगाव)

तीन पुरतात. ९ बास्केट लावायच्या तर प्रत्येक होलला सरासरी एकरभर जागा धरतात. तुमचा अख्खा प्लॉट पाव एकराच्या थोडा वर आहे. चौरस धरला तर बाजू ३३ मीटर. त्यात ३ टी आणि ३ बास्केट ठेवा. प्रत्येक टीवरून प्रत्येक बास्केट, की झाली ९ होल.

आखणी करताना लोक आधी बास्केट कुठं छान दिसेल ते ठरवतात. उलटं करा. कागदावर प्लॉट काढा आणि आधी विचारा: चुकलेली डिस्क जाणार कुठं? उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीवरून आडवा नेऊन फेकलेली डिस्क वेग उतरला की डावीकडे वळते. हे स्वाभाविक वळण आहे, चूक नव्हे. चूक वेगळी: पकड सुटायला उशीर झाला की डिस्क सुसाट उजवीकडे जाते, तीही पूर्ण वेगात. म्हणजे डावीकडे हळू डिस्क पोचते आणि उजवीकडे जोरदार. घरात कोणी डावखुरं असेल तर हे सगळं उलटं. म्हणून लहान प्लॉटवर एकच आखणी सुरक्षित: घर पाठीशी. तिन्ही टी घराच्या बाजूला एका ओळीत, तिन्ही बास्केट पलीकडच्या बाजूला, आणि प्रत्येक फेक घरापासून लांब जाणारी. दर होलनंतर चालत परत यावं लागतं, पण अंतर पंचवीस-तीस पावलं. खिडक्यांच्या काचांपुढे ते स्वस्त आहे.

घरासाठी ९ मीटर आणि पलीकडच्या कुंपणापाशी ५ मीटर सोडले तर लांबी उरते १९ मीटर. रुंदीत दोन्हीकडे ४-४ मीटर सोडले की २५. कर्णरेषेत सर्वांत लांब होल ३० मीटरच्या आसपास, सर्वांत जवळचं १५ मीटरचं ठेवा. बास्केट एका ओळीत नकोत; एक पुढे, दोन मागे. क्रम असा लावा की लागोपाठ दोन होल एकाच टीवरून येणार नाहीत. पहिल्या टीवरून डावी बास्केट, दुसरीवरून मधली, तिसरीवरून उजवी; मग पहिलीवरून उजवी, असं फिरत जा. रेषा एकमेकींना छेदतात, त्यामुळे मैदानावर एका वेळी एकच गट, आणि फेकणाऱ्याच्या पुढे कुणीही नाही. बाकीचे सगळे त्याच्या मागे. या नियमाला सवलत नाही. गोल्फ डिस्कची कड धारदार असते आणि डोळ्यापाशी लागली तर टाके पडतात.

प्लॉटच्या ज्या बाजूला रस्ता किंवा शेजाऱ्याचा गोठा आहे, तिकडे तोंड करून एकही होल नको.

आता सर्वांत महत्त्वाचं. काँक्रीट घालण्याआधी दोन रविवार हाच कोर्स बांबू रोवून खेळा. बांबूला उलटी बादली अडकवा, टीच्या जागी चुन्याची रेघ मारा. प्रत्येक डिस्क जिथं पडली तिथं मुलांना काडी रोवायला सांगा, चुकलेल्या फेकींच्या जागी लाल चिंधी बांधलेली. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी लाल चिंध्यांचा पुंजका कुठं आहे ते बघा. तो पाण्याच्या टाकीवर, गुलाबांवर किंवा करवंदीच्या जाळीत असेल तर बास्केट हलवा. त्या दिवशी बांबू उपटायला मिनिट लागतं. काँक्रीट झाल्यावर पहार लागते.

झाडं अडचण समजू नका. आंबा किंवा चिकू मधे आला की डिस्क वळवावी लागते आणि १८ मीटरचं होल रंगतदार होतं. खोडाला खिळे ठोकू नका, फलक सुतळीनं बांधा. पुणे महापालिकेच्या हद्दीत असाल तर झाड तोडायचं किंवा मोठी फांदी उतरवायची तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. तो कायदाही १९७५चाच.

प्रश्न: तयार बास्केट महाग पडते. फॅब्रिकेटरकडून करून घ्यायची तर नक्की मापं आणि सामानाची यादी द्याल का? (सिंहगड रस्ता)

देतो. खाली एका बास्केटचा हिशेब आहे. तीन एकदम केल्यात तर पाइप वाया जात नाही.

ठरलेली मापं चार. टोपलीची, म्हणजे डिस्क झेलणाऱ्या खालच्या भागाची, वरची कड जमिनीपासून सुमारे ८२ सेंमी. साखळ्या जिथून लोंबतात ते कडं त्याच्या ५२ सेंमी वर, म्हणजे १३४ सेंमीला. टोपलीचा व्यास ६५ सेंमी आणि वरच्या कड्याचा ५५. ही दोन कडी वाकवून घेण्याऐवजी सायकलच्या जुन्या लोखंडी रिम वापरा. २८ इंची रिम बाहेरून साधारण ६५ सेंमी भरते आणि २४ इंची ५५च्या आसपास. जणू यासाठीच घडवल्यात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा पेठेतल्या कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतील. लोखंडीच घ्या, चुंबक लावून बघा. अॅल्युमिनियमच्या रिमला साधं वेल्डिंग धरत नाही.

खांबासाठी १ इंची जीआय पाइप, निळ्या पट्ट्याचा, म्हणजे बी क्लास. पिवळ्या पट्ट्याचा हलका असतो, तो नको. लांबी १८० सेंमी: १४० जमिनीवर, ४० जमिनीतल्या नळकांड्यात. पाइप ६ मीटरचा येतो. तीन खांब निघून ६० सेंमी तुकडा उरतो. जमिनीत गाडायचं नळकांडं सव्वा इंची पाइपचं, ४५ सेंमी. इथं हमखास घोटाळा होतो. पाइपचं नाव आणि प्रत्यक्ष माप एक नसतं. १ इंची पाइप बाहेरून ३३.७ मिमी असतो आणि सव्वा इंची बी क्लास आतून ३६ मिमीच्या आसपास, म्हणून एकात एक सहज जातो. मजबुतीसाठी खांबच सव्वा इंची घेतला तर तो बाहेरून ४२.४ भरतो आणि दीड इंचीत अर्ध्या मिलिमीटरसाठी अडतो. दुकानातच घालून बघा.

बाकीचं: ८ मिमी सळई पावणेचार मीटर (टोपलीचं खालचं ६० सेंमीचं कडं, वरच्या रिमला खांबाशी जोडणारे ४ दांडे आणि आतलं २० सेंमी व्यासाचं छोटं कडं), ६ मिमी सळई ४ मीटर (टोपलीच्या तळाचे ८ आरे, २८ सेंमीचे, आणि बाजूचे ८ उभे दांडे, २० सेंमीचे), टोपलीच्या तळाला आणि बाजूला २ इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी जाळी). कोंबड्यांची जाळी नको, महिनाभरात पोट सोडते.

साखळी गॅल्व्हनाइज्ड, ४ मिमी तारेची, १२ मीटर. बोहरी आळीत किलोवर देतात, तेव्हा वजनही लक्षात ठेवा: साडेतीन किलोच्या आसपास. त्यातून ६२ सेंमीचे १२ तुकडे बाहेरच्या रांगेसाठी आणि ५५ सेंमीचे ६ आतल्यासाठी. २४ इंची रिमला आऱ्यांची भोकं आधीच असतात, तीच वापरायची. ३६ भोकं असतील तर दर तिसऱ्यात एक साखळी. ३२ असतील तर एकाआड एक, म्हणजे १६ साखळ्या, आणि साखळी अडीच मीटर जास्त. भोकातून ३ मिमी तारेचा एस हुक घालून पक्कडीनं दोन्ही तोंडं बंद करा. आतल्या ६ साखळ्या छोट्या कड्याला. सगळ्यांची खालची टोकं खांबाभोवतीच्या ७ सेंमीच्या मोकळ्या कडीत ओवायची. ही कडी खांबाला वेल्ड करायची नाही. फॅब्रिकेटर मजबुतीच्या प्रेमापोटी करून टाकतात, बजावून सांगा.

कडी, रिम, टोपली हे सगळं खांबावर चढवायच्या क्रमानं आधी जमिनीवर मांडून बघा. छोटी मोकळी कडी घालायची राहिली आणि वरचं वेल्डिंग झालं की कापाकापी आली. वेल्डिंगच्या जागी पाइपवरचा जस्ताचा थर आणि रिमवरचा क्रोम ग्राइंडरनं आधी उतरवून घ्या. जस्त जळलं की पांढरा धूर होतो, तो श्वासात गेला तर संध्याकाळी थंडी-ताप भरतो. शिवाय त्या थरावर टाका नीट बसत नाही. हे काम मुलांनी लांबून पाहायचं. साखळ्या कापून मोजणं, हुक वळवणं, रेड ऑक्साइडचा हात आणि वर ऑइलपेंट ही कामं त्यांची. वरच्या रिमला पिवळा रंग द्या, लांबून नेम धरायला तो बरा.

रिम आडवी बसते तेव्हा तिचा खोलगट भाग बाहेर तोंड करून येतो आणि खालच्या कडेत पाणी साचतं. तिथं ४ भोकं पाडा. टोपलीच्या रिमवर सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळा. नाहीतर रिमची उघडी कड डिस्कला चरे पाडते आणि वाकून डिस्क काढणाऱ्याच्या मनगटालाही.

पायासाठी ३० बाय ३० सेंमीचा ५५ सेंमी खोल खड्डा. तळाला १० सेंमी खडी, तिच्यावर नळकांडं उभं, भोवती काँक्रीट: १ घमेलं सिमेंट, २ वाळू, ४ खडी. एका गोणीत तीन पाये होऊन थोडं सिमेंट उरतं. नळकांड्याचं खालचं तोंड खडीवर उघडं राहू द्या, म्हणजे आत गेलेलं पाणी झिरपून जातं. काँक्रीट ओततानाच त्यात खांब घालून लेव्हल बॉटलनं दोन बाजूंनी ओळंबा बघा. दुसऱ्या दिवशी खांब काढून घ्या आणि ७ दिवस पाणी मारा. खांबाला जमिनीच्या पातळीवर ८ मिमी सळईचा बोटभर तुकडा वेल्ड करा आणि नळकांड्याच्या तोंडाला तेवढी खाच पाडा. तुकडा खाचेत बसला की बास्केट फिरत नाही आणि खाली सरकतही नाही.

प्रश्न: बास्केट तयार झाली, पण डिस्क कधी साखळ्यांतून आरपार जाते, कधी आपटून बाहेर येते. काय चुकलं? (हडपसर)

दोन वेगळे आजार आहेत. आरपार जात असेल तर साखळी हलकी किंवा विरळ. ३ मिमीची साखळी ४ मिमीच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. डिस्कचा वेग खाण्याचं काम साखळीच्या वजनाचं, ताकदीचं नव्हे. बदलायची नसेल तर आतली रांग ६ऐवजी ९ साखळ्यांची करा.

आपटून परत येत असेल तर साखळ्या ताठ आहेत. खालची कडी खांबाला जोडलेली असेल तर मोकळी करा. साखळीचे तुकडे ५५ सेंमीपेक्षा आखूड कापले असतील तर प्रत्येकात दोन-तीन कड्या वाढवा. हातानं साखळी बाजूला ओढली तर ती झोक्यासारखी सहज यायला हवी. आणि जोर तपासा. ५ मीटरवरून छातीच्या उंचीनं ताडकन मारलेली डिस्क कुठलीही बास्केट बाहेर फेकते.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात खांब कलला. काँक्रीट नीट होतं. (उरुळी कांचन)

काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते आणि दरवर्षी पायाला ढुसण्या देते. मुरूम लागेपर्यंत खणा. खड्डा तळाशी वरपेक्षा रुंद ठेवा आणि काँक्रीटच्या चारी बाजूंना वीतभर मुरूम ठोकून भरा. कुणाच्या प्लॉटला उलट हातभरावर कातळ लागला तर ब्रेकर आणू नका. नळकांड्याला पोलादी प्लेट वेल्ड करून ती कातळात ४ अँकर बोल्टनी बसवा. ही कामं दिवाळीनंतर किंवा मे संपायच्या आत.

पावसाळ्याचं निघालंच आहे, तर टीबद्दलही. शहाबादी फरशी घालायची तर खरबरीत बाजू वर. गुळगुळीत बाजूवर शेवाळं धरतं, फेकताना पाऊल सरकतं आणि गुडघा पिळवटतो. ४ बाय ६ फूट अंगणाला पुरे. धावत येऊन फेकणारे असतील तर लांबी १० फूट करा. उंच गवतात आणि कुंपणात हरवलेली डिस्क आधी काठीनं चाळवून शोधायची, हात घालायचा नाही. घोणस गवतात पडून असते आणि सहसा जागची हलत नाही.

प्रश्न: कोणत्या डिस्क घ्याव्यात? घरात फ्रिस्बी आहे, ती चालेल? (औंध)

बाजारातली हलकी फ्रिस्बी वाऱ्यावर भरकटते. अल्टिमेट हा डिस्कचा सांघिक खेळ खेळणाऱ्यांची १७५ ग्रॅमची डिस्क मात्र पहिल्या वर्षाला उत्तम: मोठी, संथ, कड बोथट, बास्केटमध्ये बसते.

गोल्फ डिस्क घ्यायच्या तर प्रत्येकी एक पटर (बास्केटजवळच्या फेकीसाठी), फार तर घरात मिळून दोन मिडरेंज (मध्यम अंतरासाठी). मोठ्यांना १७० ते १७५ ग्रॅम, दहा वर्षांखालच्यांना १५०च्या आत. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, पहिला वेगाचा. तो ५च्या वर असेल तर दुकानात ठेवून या. ड्रायव्हरला, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कला लागणारा वेग नवख्या हातात नसतो, त्यामुळे ती लांब न जाता नुसती डावीकडे कोसळते, आणि ११ गुंठ्यांत ती नीट गेली तर पंचाईत आणखी मोठी. रंग गुलाबी किंवा केशरी. हिरवी पावसाळ्यात आणि पिवळी मार्चनंतर सापडत नाही. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर वाकते. कोमट पाण्यात बुडवून सपाट फरशीवर वजनाखाली ठेवली की बहुधा सरळ होते.

प्रश्न: सोसायटीच्या मोकळ्या जागेत लावता येईल? (बावधन)

समितीचा लेखी होकार घेऊन, उचलून ठेवता येईल अशी बास्केट आणि अल्टिमेटची डिस्क, एवढंच. खांब गाडू नका. जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून त्यात नळकांडं बसवा, म्हणजे घरंगळवत नेता येतं. गोल्फ डिस्क तिथं नकोच, मधूनच सायकलवर कोणी येतं. आणि साखळ्यांचा खणखणाट तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. दुपारी १ ते ४ साखळ्या दोरीनं खांबाला बांधून ठेवा. यामागचं कारण पुण्यात सांगायला नको.

प्रश्न: डिस्क बास्केटच्या वर, साखळ्यांच्या कड्यावर जाऊन बसली. मुलगा म्हणतो झालं, मुलगी म्हणते नाही. (धायरी)

मुलीचं बरोबर. डिस्क टोपलीच्या कडेच्या वरून आणि साखळ्यांच्या कड्याच्या खालून आत गेली पाहिजे, आणि टोपलीत किंवा साखळ्यांत विसावली पाहिजे. वर बसलेली धरत नाहीत. टोपलीच्या जाळीत बाहेरून रुतलेलीही धरत नाहीत. डिस्क काढून घ्यायची, तिच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करायची आणि तिथून पुढची फेक.